राणीच्या पाठीवर डार्थ वेडर

प्रति,
माननीय पंतप्रधान,
नियुए सरकार, आलोफी



मी महाराष्ट्रातला एक साधा नाणेसंग्राहक. शिवराई नाणी पारखता पारखता दक्षिण पॅसिफिकमधल्या तुमच्या बेटापर्यंत पोहोचलो, तो 2011च्या एका चांदीच्या नाण्यामुळे. छाप्यावर राणी एलिझाबेथ, उलट बाजूला ‘स्टार वॉर्स’चा डार्थ वेडर. त्याआधी तुमच्या नावाने पोकेमॉन येऊन गेले होते, त्याही आधी टेनिसपटू बोरिस बेकर आणि स्टेफी ग्राफ. 1774 साली तुमच्या पूर्वजांनी कॅप्टन कुकला बेटावर थांबू दिलं नाही, म्हणून त्याने चिडून बेटालाच रानटी म्हटलं. वेडरसाहेबांचं स्वागत बरं झालं!

या नाण्याची दर्शनी किंमत दोन डॉलर. आत चांदी एक औंस, म्हणजे 31 ग्रॅमच्या वर. नुसत्या धातूचेच कितीतरी पट जास्त येतात. ते देऊन पाव कोण घेणार? तुमच्याकडे रोजचा व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये चालतो. तरीही ‘दोन डॉलर’ ही अक्षरं हवीतच. ती नसतील तर तेच पदक ठरतं, आणि आम्हा संग्राहकांना पदक नको असतं, नाणं हवं असतं. ऑकलंडची खासगी टांकसाळ चांदी आणते, चित्राचा परवाना हॉलिवूडकडून घेते. जे तिला बाजारात मिळत नाही, ते राष्ट्राचं नाव तुम्ही देता.

त्यात मला गैर वाटत नाही. जेमतेम दीड-दोन हजार वस्तीच्या, 2004च्या हेटा वादळात संग्रहालयही गमावलेल्या बेटाने आपलं नाव का विकू नये? (आमचं सरकारही हल्ली डबीतली स्मारक नाणी विकतं. 1964चा नेहरूंचा रुपया निदान वाण्याच्या गल्ल्यात तरी पडायचा.) पण मग भाव उघड सांगा. एका नाण्यामागे बेटाच्या तिजोरीत किती पडतं, हा आकडा नाण्यांच्या दर मालिकेबरोबर प्रसिद्ध करा. आम्ही प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांकसुद्धा वाचतो, हाही वाचू.

आणि परवाना देताना एक अट घाला: सिनेमाच्या प्रत्येक मालिकेमागे एक नाणं बेटाचं. त्यावर उगा, तुमचा तो नारळ फोडणारा खेकडा, चालेल. चित्र तिथल्याच कलाकाराचं, अक्षरं नियुएच्या भाषेतली. ते निघालं की माझी मागणी पहिली धरावी.

आपला,
एक संग्राहक