अनुदान त्यांचे, आतबट्टा यांचा

श्रीमंत देश गरीब देशांना मदत किती देतात, यावर परिषदा भरतात. त्यांच्या धोरणांनी गरिबांचे किती हिरावले जाते, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. त्यासाठी आफ्रिकेतील कापसाकडे पाहावे. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांनी 2003 मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे साधी मागणी ठेवली: श्रीमंतांनी कापसावरील अनुदाने बंद करावीत. अमेरिका तेव्हा आपल्या सुमारे 25 हजार कापूस उत्पादकांवर वर्षाला कोट्यवधी नव्हे, अब्जावधी डॉलर खर्चत होती. भाव कोसळला तरी तिथला पेरा घटत नसे, कारण तूट सरकार भरून काढी. त्या जादा गाठी जगाच्या बाजारात उतरत, दर आणखी पाडत आणि झळ बसे ती एक-दोन हेक्टरांत कापूस पिकवणाऱ्या आफ्रिकी कुटुंबांना. त्यांच्या सरकारांना मात्र जागतिक बँक आणि नाणेनिधी खुल्या बाजाराचे धडे देत होते.

त्या वर्षीची कॅनकुन परिषद फिसकटली. ब्राझीलने मात्र याच अनुदानांविरुद्धचा खटला जिंकला आणि अमेरिकी मालावर जबर शुल्क लावण्याची परवानगीही मिळवली. मग अमेरिकेने अनुदाने गुंडाळली का? नाही. 2010 मध्ये तिने ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि 2014 मध्ये आणखी 30 कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवले. 2018 मध्ये कापूस पुन्हा नव्या नावाने अमेरिकेच्या शेती-अनुदान योजनेत दाखल झाला. ब्राझीलला भरपाई मिळाली, कारण त्याची बाजारपेठ मोठी. बेनिनच्या प्रतिशुल्काला कोण भीक घालणार? नियम सर्वांना सारखे, पण ते पाळायला लावण्याची ऐपत मोजक्यांचीच, हे या व्यवस्थेचे खरे दुखणे आहे.

विदर्भ-मराठवाड्याला ही गोष्ट परकी नाही. अमेरिकी आयातशुल्काने वस्त्रोद्योग कोंडीत सापडला तेव्हा, ऑगस्ट 2025 मध्ये, केंद्राने कापसावरील 11 टक्के आयातशुल्क माफ केले आणि पुढे ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन हंगामात दारे उघडली. वॉशिंग्टनमधल्या निर्णयाचे ओझे असे यवतमाळच्या शेतकऱ्याच्या खांद्यावर आले.

म्हणूनच भारताने जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, केवळ स्वतःच्या हमीभावाची ढाल धरून थांबू नये. आफ्रिकेतील त्या चार देशांच्या मागणीमागे उघडपणे उभे राहावे आणि दुबळ्या तक्रारदारालाही भरपाई वसूल करता येईल, अशी तरतूद मागावी. मदतनिधीचे धनादेश नंतर. आधी भाव पाडणे थांबवा.