डुकराचं देणं

संपादक महोदय,


डुकराचं मूत्रपिंड माणसाला बसवल्याच्या बातम्या हल्ली अधूनमधून येतात. उपासना सुटल्यावर मंडळीत त्यावर बोलणं निघतं, पण ते ‘चालतं की चालत नाही’ एवढ्यावरच थांबतं. त्या जनावराला आपण कसं वागवतो, हे कुणी विचारत नाही.

खरं तर हे देणं जुनं आहे. १९८०च्या दशकात मानवी इन्सुलिन बनू लागेपर्यंत मधुमेह्यांचं इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डायलिसिसच्या वेळी देतात ते हेपारिन आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यातून मिळतं. हृदयाच्या काही झडपाही त्याच्याच.

७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरला डेव्हिड बेनेट यांना जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय बसवलं. ते दोन महिने जगले. पुढे त्यांच्यात डुकरांमधला एक विषाणू सापडला. डुकराच्या आधीच्या तपासण्यांत तो सुटला होता. मृत्यूच्या संभाव्य कारणांत डॉक्टरांनी तोही धरला. म्हणजे डुकराची निगा ही नुसती दया नव्हे, रोग्याच्या जिवाचाही प्रश्न आहे.

पण पेच इथेच आहे. हा विषाणू लागू नये म्हणून पिल्लांना जन्मल्यावर लगेच आईपासून तोडतात आणि बंदिस्त जागेत वाढवतात. डुक्कर हुशार, कळपात रमणारं जनावर. असं वाढलेलं पिल्लू निरोगी राहील. सुखी राहील असं नाही. माणूस वाचावा म्हणून हे करावं लागतं, असं मीही मानतो. मात्र त्याची किंमत कोण मोजतं, हे विसरू नये.

आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे. प्रयोगानंतर जनावर सांभाळायचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरावा, असं तिचं धोरण आहे. धोरण चांगलं आहे. किती जनावरं वापरली आणि पुढे त्यांचं काय झालं, हे प्रत्येक संस्थेने दरवर्षी लोकांसमोर ठेवलं, तर ते पाळलं जातं की नाही तेही कळेल.

हे सगळं दूरचं वाटेल, पण पिपलानीजवळ आनंदनगरलाच राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. २०२० साली आसामातल्या डुकरांना आफ्रिकन स्वाइन फीवर झाल्याचं निदान तिथेच झालं. २०२२ साली आपल्या मध्य प्रदेशात रीवा इथे हाच रोग आला, तेव्हाही नमुने इथेच तपासले. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरं पटापट मरतात, आणि पाळणारी बहुतेक गरीब कुटुंबं उघड्यावर पडतात.

मांसाच्या खरकट्यातूनही हा रोग पसरतो. म्हणून नाताळ किंवा लग्नाच्या जेवणानंतर उरलेलं पोर्क गल्लीतल्या डुकरांपुढे टाकू नका. पाळणाऱ्यांनी खरकटं चांगलं उकळल्याशिवाय घालू नये, आणि लागोपाठ जनावरं मेली तर लपवून न ठेवता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. आपल्या हातात आहे तेवढं तरी आपण करू.

आपला,
एक वाचक, पिपलानी, भोपाळ