बॅगेत आधी बूट, मग डबे



धाकट्या बहिणीचा फोन आला. मे महिन्यात ते मॉरिशसला चाललेत. "ताई, तुम्ही जाऊन आलात ना, मला यादी पाठव." मी जुनी वही काढली. दोन वर्षांपूर्वीची यादी होती त्यात, दोन पानं भरून. ती वाचून मला माझाच राग आला, म्हणून तिला यादी पाठवण्याऐवजी हे लिहायला बसले.

त्या यादीत काय नव्हतं! विजेवरचा कुकर, पोळपाट-लाटणं, छोटा तवा, मसाल्याचा डबा, भडंग, दशम्या, दोन प्रकारचे लाडू, मेतकूट, पाच किलो तांदूळ. पिठावरून तर घरात चर्चासत्रच झालं. आपल्याकडे पिठाची मर्यादा उन्हाळ्यात पाच दिवस आणि हिवाळ्यात सात. मे महिन्यात सांगलीत कडक उन्हाळा, तर विषुववृत्ताच्या खाली असलेल्या मॉरिशसमध्ये हिवाळा सुरू झालेला. मग पाच धरायचे की सात? सासूबाईंनी निकाल दिला, "पीठ जिथे दळलं तिथला ऋतू." पाच.

एवढं सगळं माझ्या बॅगेत भरल्यावर माझे चालायचे बूट काही बसेनात. ते घरीच राहिले. यांच्या बॅगेत फक्त कपडे आणि कॅमेरा, विमानतळावर तिचं वजन भरलं अकरा किलो. माझी तेवीसला टेकलेली.

तिसऱ्या दिवशी सगळे ल मॉर्न डोंगरावर गेले. 556 मीटरचा हा डोंगर बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रातून उठून उभा राहिल्यासारखा दिसतो. गुलामगिरीतून पळालेली माणसं एकेकाळी त्याच्या कपारींमध्ये लपून राहत, म्हणून 2008 पासून तो जागतिक वारसा आहे. वाटेचा सुरुवातीचा भाग रुंद आणि सोपा, वरचा टप्पा मात्र हात लावून चढायचा. चपलांवर ते जमणार नव्हतं. मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये थांबले. मुगाची खिचडी लावली, पोळ्या केल्या, भांडी घासली. सगळे आले, सूर्यास्ताआधी जेवले आणि मला मोबाईलवर डोंगर दाखवला. लेकानं विचारलं, "आई, तू दिवसभर काय केलंस?"

कुणी मला थांब म्हटलं नव्हतं, हे खरं आहे. पण बॅग भरली त्या रात्रीच कोण चढणार आणि कोण कुकरपाशी बसणार हे ठरून गेलं होतं.

माझं मत सरळ आहे. जिथे चालायचं आणि समुद्रात उतरायचं आहे, तिथे जाताना बॅगेत सगळ्यात आधी बाईचे बूट ठेवावेत. उरलेल्या जागेत स्वयंपाकघर मावेल तेवढंच न्यावं. यावर कुणी म्हणेल, मग नियम कसे पाळणार? मला तर तिथे उलट अनुभव आला.

चौथ्या दिवशी मी तिथल्या बाजारातून साधे कापडी बूट घेतले. त्याच बाजारात भेंडी होती, दुधी होता, आणि शूशू नावाची हिरवी, वेलीवर लागणारी भाजी होती, चवीला दुधीच्या जवळची. बेटावर भारतीय वंशाचे लोक सर्वांत जास्त. 1834 पासून ऊस मळ्यांवर मजूर म्हणून त्यांना नेलं गेलं, आणि आपले कोकणातले मराठी लोकही त्यात होते. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. अशा देशात मी पाच किलो तांदूळ वाहून नेला होता! डाळ, तांदूळ, तेल सगळं तिथल्या दुकानात मिळतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दशम्या आणि शूशूची कोरडी भाजी डब्यांत भरली आणि ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात गेलो. प्रत्येकाच्या पाठीवर ज्याचा त्याचा डबा. तिथे मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि हॉटेलातलं रात्रीचं जेवण सात वाजता सुरू होतं. म्हणजे आपल्यासाठी ते हॉटेल असून नसल्यासारखंच. त्या दिवशी साडेचारला दरीकडे तोंड करून, गवतावर बसून आम्ही संध्याकाळचं जेवण उरकलं. नियम मोडला नाही आणि कुणी घरी थांबलं नाही. चार डब्यांनी जे केलं ते कुकरनं केलं नव्हतं.

तर बहिणीसाठी, आणि तुमच्यासाठी, ही बदललेली यादी.

बूट घेताना आत जिभेवरची चिन्हं बघायची. जनावराच्या कातड्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे चामडं. विणीची जाळी म्हणजे कापड, साधा शंकरपाळ्याचा आकार म्हणजे कृत्रिम काही. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांची चिन्हं वेगवेगळी असतात, तिन्ही बघा. दुकानदार "चामडं नाही" म्हणतो तेव्हा तो बहुधा फक्त वरच्या भागाबद्दल बोलत असतो. नवे बूट आठ-दहा दिवस आधीपासून घालून फिरा, नाहीतर फोड घेऊन डोंगर बघाल.

हवा सौम्य असते, पण एकसारखी नसते. किनाऱ्यावर सुती कुर्ता पुरतो. मधल्या पठारावर, क्यूरपीपच्या बाजूला, चार-पाच अंशांनी गारवा जास्त आणि पावसाची भुरभुर कधीही. एक हलका रेनकोट आणि एक फ्लीसचं जॅकेट न्या. फ्लीस पॉलिएस्टरचं असतं. फुगीर, हलकी जॅकेटं घेताना मात्र लेबल वाचा, अनेकांच्या आत पक्ष्यांची पिसं असतात.

समुद्रासाठी सलवार-कुर्ता नको. ओला झाला की अंगाला चिकटतो, जड होतो, लाटेत पाय अडकतो. पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण लांबीचा पोहायचा पोशाख आता आपल्याकडेही मिळतो, तो घ्या. रबरी तळाचे पाण्यातले बूटही हवेतच. उथळ पाण्यात सी अर्चिन नावाचे काट्यांचे गोळे असतात, काटा पायात मोडला की सहल संपली. आणि पायाखाली जो दगड वाटतो तो पुष्कळदा जिवंत प्रवाळ असतो. आपण मुंगी वाचवून चालणाऱ्या बायका, तिथेही बघून पाय टाकावा. शंख-शिंपले उचलून आणू नका, आत बहुतेकदा कुणीतरी राहत असतं.

खाण्यात भाजलेलं, तळलेलं, शिजवलेलं न्या. ताजी फळं, भाज्या, बिया नकोत. विमानतळावर त्यांच्यावर निर्बंध आहेत. जे नेताय ते फॉर्मवर लिहून टाका. पाणी गाळायचं दुहेरी फडकं आणि एक छोटी किटली, बस्स. आपले प्लग तिथे बसत नाहीत, इंग्लंडसारखे चौकोनी पायांचे लागतात, तेव्हा अडॅप्टर घ्या.

एका कागदावर फ्रेंचमध्ये लिहून ठेवा की कांदा, लसूण, बटाटा, अंडं, मासे चालत नाहीत. "सां ओन्यों, सां आय" म्हणजे कांद्या-लसणाशिवाय. दालपुरीच्या गाडीवर मी हे म्हटलं तर बाई हसली आणि भाजी-चटणी न लावता नुसती गरम पुरी दिली. तीही छान लागली.

आणि डबे सगळ्यांच्या बॅगांत वाटून. हे मी बहिणीला दोनदा सांगितलं, कारण तिच्या यजमानांची बॅगही अकरा किलोचीच असणार.

काल तिचा पुन्हा फोन आला. बूट घेतलेत, घालून रोज कॉलनीत फेऱ्या मारतेय. मग हळूच म्हणाली, "ताई, तुझा तो विजेवरचा कुकर असू दे का बरोबर?" मी म्हटलं, तो तुझ्या नवऱ्याच्या बॅगेत बसत असेल तर ने.