ब्रेकचे काम आणि दोन मिनिटांची घाई

आमच्या भाच्याने कर्ज काढून जुनी चारचाकी घेतली आहे. देवगाव रंगारीहून कन्नडला, कधी औट्रम घाट उतरून चाळीसगावला तो भाडे मारतो. मध्यंतरी ब्रेक दाबला की मागच्या चाकातून खरखर येऊ लागली. "मामा, मजुरी कशाला घालवायची? पॅड आपणच घरी बदलू," तो म्हणाला. आम्हालाही पटले. कारकुनाला वाचलेला रुपया गोडच लागतो.

अल्टो, वॅगनआर अशा लहान गाड्यांना मागे ड्रम असतो. भाच्याच्या गाडीला मागेही डिस्क आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्हीकडून आवळतात. पॅडचा मसाला ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत, तेही दोन्ही चाकांचे एकदमच.

रविवारी अंगणात काम काढले. मागचे काम करताना हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड दिले. कॅलिपर सोडल्यावर तो तारेने वर बांधला. नळीवर लोंबकळला तर नळी खराब होते.

नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन आत सारावा लागतो. भाचा क्लॅम्प लावून जोर करू लागला, पण पिस्टन हलेना. शेजारचे मिस्त्री धावत आले. म्हणाले, "थांबा, कॅलिपर घालवाल!" पुष्कळ गाड्यांत हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरमध्येच असते. तिथे पिस्टन दाबत दाबत फिरवून आत घालावा लागतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर घरी हातच लावू नये, असेही त्यांनी बजावले.

काम संपले, नट आवळले. आम्ही हात धुवायला गेलो. भाच्याने गाडी सुरू केली. अंगणाला उतार. तेवढ्यात हाक आली, "मामा, ब्रेक लागत नाही!" पेडल थेट तळाला गेले होते. गाडी जाऊन कडब्याच्या गंजीला टेकली. थोड्याच वेळापूर्वी तिथे पोरे खेळत होती. ताईने त्यांना जेवायला हाक मारली, म्हणून ती वाचली. आमचे पाय कितीतरी वेळ थरथरत होते.

काहीही तुटले नव्हते. पिस्टन मागे गेल्याने पॅड आणि डिस्क यांत फट राहिली होती. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबायचे आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहायची, एवढेच राहून गेले.

वाचकहो, हे काम घरी करणाऱ्यांनी आणखी थोडे ध्यानात ठेवावे. पॅडची धूळ तोंडाने फुंकू नये. पॅडला, डिस्कला तेलाचे बोट लागू देऊ नये. पेडल मऊ लागले किंवा ऑइल गळताना दिसले, तर गाडी जागेवरच ठेवून मिस्त्रीला बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

भाच्याने दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींना दाखवली आणि मगच सवारी घेतली. घाटात मागे बसलेली माणसे आपल्या भरवशावर बसतात. मजुरी जरूर वाचवा; शेवटची दोन मिनिटे मात्र वाचवू नका.