वीट आडवी की उभी?

गेल्या आठवड्यात आमच्या ओसरीवर भौतिकशास्त्राचा तास भरला होता. नववीतल्या भाच्याला गुरुजींनी घर्षणाचा प्रयोग घरी करून आणायला सांगितले होते. साहित्य काय, तर शाळेचा ताणकाटा, सुतळी आणि दोन विटा. वीट सुतळीने बांधायची, ताणकाट्याला अडकवायची आणि शहाबादी फरशीवरून सावकाश ओढायची.

वीट भरली तीन किलो. आडवी ओढली तेव्हा काटा दीड किलोच्या जरा पुढे राहिला. "मामा, आता कडेवर उभी करतो. ओढ वाढेल की कमी होईल?" मी ठासून सांगितले, कमी होईल. टेकते थोडी, मग घासेलही थोडीच! पण काटा जिथल्या तिथे. तीनदा केले, तरी तेच.

माझ्यासारखे फसणारे पुष्कळ असतील. फ्रान्समध्ये आमोंताँ यांनी हा नियम 1699 साली मांडला. पुढे कूलोम यांनी खूप प्रयोग करून तो तपासला. कारण असे, की फरशी गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर बारीक उंचवटे असतात आणि वीट त्यांच्या टोकांवरच टेकते. आडवी वीट पुष्कळ टोकांवर हलकेच टेकते, उभी वीट थोड्या टोकांवर जोराने दाबते. खरा स्पर्श सारखाच भरतो.

एकावर एक दोन विटा ठेवल्या, ओढ दुप्पट झाली. मग पोराने विटेखाली मूठभर ज्वारी पसरली. वीट अशी सुळकन निघाली की काटा जेमतेम हलला. घासण्याच्या जागी घरंगळणे आले ना! तोच आत आईचा आवाज चढला, "आधी ते दाणे गोळा करा रे! मागल्या साली त्याच्यावरनंच पडले मी." तिचे मनगट अजून दुखते. प्रयोग तिथेच थांबवून आम्ही दाणे वेचले.

आणखी एक गोष्ट पोराने टिपली. वीट हलण्याआधी काटा दोन किलोपर्यंत चढे आणि ती सरकली की खाली येई. बैलांचेही तेच. भरल्या गाडीला पहिला हिसका सर्वांत जड. तेव्हा चाबूक उगारण्यापेक्षा दोघांनी चाकाला हात द्यावा. आणि उसाच्या दोन मोळ्या जास्त रचल्या, तर आसावरचे घासणेही त्या हिशेबाने वाढते, मोळ्या कशाही रचा.

मात्र हा फरशीचा नियम नांगरटीत चालत नाही. मऊ काळ्या मातीत अरुंद धाव रुतते, रुंद टायर कमी रुतते. तिथे रुंदीला किंमत आहे.

बोलता बोलता आमच्याच गाडीचे चाक उतरवून पाहिले. आसावरचे वंगण वाळून काळे पापुद्रे झालेले, वर धूळ मिसळलेली. म्हणजे वंगण कसले, कानसच ती! आणि मी महिनाभर डाव्या बैलाला आळशी म्हणत होतो. आस रॉकेलने पुसला, नवे ग्रीस भरले. संध्याकाळी रिकामी गाडी मी एकट्याने अंगणात ढकलली. ओढ किती कमी झाली ते भाच्याला वहीत लिहायचे होते, पण शाळेचा ताणकाटा पाच किलोचाच निघाला.