नादारी आणि काडीमोड




पतीच्या नादारीचा अर्ज न्यायालयात प्रलंबित असताना पत्नीने घटस्फोटाचा विचार बोलून दाखवला, की ‘आधी त्या प्रकरणाचा निकाल लागू द्या, मग काडीमोडाचे पाहू’ असा जो सल्ला तिला आप्तांकडून आणि, खेदाने म्हणावे लागते, काही वकिलांकडूनही मिळतो, तो कायद्याच्या दृष्टीने निराधार आणि परिणामाच्या दृष्टीने निष्ठुर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तिविषयक भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. त्यामुळे दुकान बुडालेला सामान्य व्यापारी मुंबई शहरात १९०९ च्या आणि इतर जिल्ह्यांत १९२० च्या नादारी अधिनियमाखालीच नादार ठरतो. या अधिनियमांनी ऋणकोची मिळकत सरकारी असाइनीच्या अथवा रिसीव्हरच्या हवाली होते, त्याचा विवाह नव्हे. विवाह टिकावा की संपावा या प्रश्नाशी धनकोंचा तिळमात्र संबंध नाही. आणि हिंदू विवाह अधिनियमाच्या २५ व्या कलमाने कायम पोटगीचा हुकूम घटस्फोटाच्या वेळी अथवा त्यानंतर केव्हाही देण्याची मुभा ठेवली असल्यामुळे, मिळकतीचा हिशेब लागेपर्यंत एखाद्या स्त्रीला मोडलेल्या संसारात अडकवून ठेवण्याचे कारणच उरत नाही.

खरा धोका आहे तो घाईच्या तडजोडनाम्यात. परस्परसंमतीच्या अर्जात ‘राहते घर पत्नीस मिळावे व तिने पोटगीचा हक्क सोडावा’ असे कलम सद्भावनेनेही घातले जाते. परंतु १९२० च्या अधिनियमानुसार नादारीचा हुकूम अर्ज दाखल झाल्या दिवसापासून अमलात आल्याचे मानले जात असल्याने, मधल्या काळात अर्जाची माहिती असूनही स्वीकारलेले ते घर रिसीव्हर परत मागू शकतो, आणि अर्जापूर्वीचे मोबदल्यावाचून झालेले हस्तांतरही, त्यानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर पती नादार ठरल्यास, रद्द होऊ शकते. मग घर हातचे गेलेली ती स्त्री पोटगीसाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढते, तेव्हा तिच्याच सहीचा त्यागलेख तिच्यापुढे ठेवला जातो. (गृहकर्जाच्या कागदावर तिची सही सहकर्जदार म्हणून असेल, तर बँकेचे देणे घटस्फोटाने फिटत नाही, हेही तिला कोणी वेळेवर सांगत नाही.)

देणी बुडवण्यासाठी लटके घटस्फोट घडवले जातात, ही धनकोंची तक्रार मी खोटी मानत नाही. तथापि त्यावरचा उपाय पारदर्शकतेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात पोटगीच्या प्रकरणांत उभय पक्षांनी मालमत्तेचे व देण्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे आवश्यक ठरवले. त्याची प्रत रिसीव्हरला गेली, आणि मिळकतीविषयीच्या प्रत्येक तडजोडीपूर्वी त्याला नोटीस निघाली, तर लबाडीला वाव कितीसा राहील? स्त्रीधन तर पतीच्या इस्टेटीचा भागच नव्हे. ते पत्नीचेच, हे १९८५ पासून निर्विवाद आहे.

पोटगीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. थकलेल्या पोटगीचा हक्क धनकोंच्या हक्कांहून वरचढ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. पण नादारीतून मुक्त झालेल्या माणसाला ज्या देण्यांतून सुटका नाही, त्यांच्या यादीत आमचे जुने अधिनियम १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ४८८ व्या कलमाखालील पोटगीचाच नामोल्लेख करतात, घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातील कायम पोटगीचा नाही. नव्या संहितेने कोणत्याही कायद्याखालील पोटगी वगळून हा दोष दूर केला, परंतु तो भाग सामान्य ऋणकोंना लागूच नाही. केंद्र सरकारने तो सर्वांसाठी अमलात आणावा. आणि तोवर मुंबई उच्च न्यायालयाने निदान एवढा नियम करावा, की घटस्फोटाच्या प्रत्येक अर्जात पती अथवा पत्नीविरुद्ध नादारीचे प्रकरण चालू आहे काय, हा रकाना असावा, व तो भरलेला असल्यास मिळकतीचा भाग विवाहाच्या प्रश्नापासून वेगळा काढून घटस्फोटाचा निकाल विनाविलंब द्यावा.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा