खांबावरचा तारपा

पुलाचा खांब रिकामा दिसला की काढा त्यावर तारपा नाच! म्हणे ‘वारशाची प्रेरणा’. स्टेन्सिल आहे ती.

वारली सवाशिणी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. जिव्या सोमा मशे यांनी शेणाने सारवलेल्या कापडावर मासेमारीचं जाळं काढलं. पाहिलेलं जाळं.

तुम्ही काय पाहिलंत? चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने तो शाहिस्तेखानाविरुद्ध ५०हून जास्त दिवस लढवला. आसपास प्रेस शॉप, भंगारातला पत्रा, कुलंटचा वास, तिसऱ्या शिफ्टची बस. मिसळा की हे मिक्स मीडियात!

ते नाही. कॅनव्हासवर मोडीची झेरॉक्स चिकटवायची, वर चहाचं पाणी ओतायचं. त्या कागदात जमिनीचा व्यवहार आहे की कुणाची शिवी, एवढं तरी वाचून घेतलंत का?